एआयला सोबत घेऊन कथा-कादंबरी लिहिताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कथा लिहिणारी माणसं गेली दोन-तीन वर्षं मला जे प्रश्न पाठवत आली आहेत, त्यांतले पुन्हा पुन्हा येणारे इथे एकत्र केले आहेत. काही अगदी पहिल्या दिवसाचे आहेत, काही चार-पाच प्रकरणं हातावेगळी झाल्यावर पडणारे. एकच गोष्ट दोनदा सांगायला नको म्हणून मध्येमध्ये दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. माझं मत आधीच सांगते: पहिला खर्डा तुमच्या हातचा असावा. एआयची मदत त्याच्या आधी विचार ढवळायला घ्यावी आणि नंतर तपासायला घ्यावी. खालची बरीच उत्तरं या मताला धरून आहेत.

१. एआय लेखन-सहायक म्हणजे नेमकं काय? त्याला माझी गोष्ट कळते का?

याच्या मुळाशी भाषेचं एक मोठं मॉडेल असतं. प्रचंड मजकूर पुरवून त्याला मुख्यतः एक काम शिकवलेलं असतं: इथवरच्या मजकुरानंतर पुढचा तुकडा कोणता येईल याचा अंदाज बांधणं. या तुकड्याला टोकन म्हणतात. तो कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा एखादा भाग. आजची बहुतेक मॉडेलं २०१७ साली मांडलेल्या 'ट्रान्सफॉर्मर' रचनेवर उभी आहेत, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आल्यावर ती सर्वसामान्यांच्या हातात पोचली.

'कळतं का' यावर जाणकारांतही एकमत नाही. लिहिणाऱ्याने व्यवहारापुरतं एवढं ध्यानात ठेवावं की शक्यतेच्या हिशेबाने चालणारं यंत्र मळलेल्या वाटेनेच जायला बघतं. वादळी रात्र म्हटली की वीज कडाडते, म्हातारा म्हटला की तो खोकतो. तुमच्या गोष्टीतला म्हातारा खोकत नसेल, तर ते तुम्हालाच सांगावं लागतं.

२. कोणतं साधन घेऊ? फुकटातलं चालेल का?

सुरुवातीला चालेल. चॅटजीपीटी, क्लॉड, जेमिनी ही सर्वसाधारण कामाची साधनं आहेत आणि तिघांतही पैसे न भरता सुरुवात करता येते. सुडोराइट, नॉव्हेलक्राफ्टर यांसारखी साधनं खास कथा-कादंबरीसाठी बनवलेली आहेत. त्यांत पात्रं, स्थळं, कथानकाच्या नोंदी ठेवायला वेगळी जागा असते. मात्र त्यांची घडण इंग्रजी लेखकाला समोर ठेवून झालेली आहे.

माझा सल्ला असा की स्वतःचं एकच पान तीन साधनांना द्या, एकच प्रश्न विचारा आणि उत्तरं शेजारी ठेवून वाचा. अर्ध्या तासात तुमचा कौल ठरेल. मॉडेलं दर काही महिन्यांनी बदलतात, त्यामुळे दुसऱ्याचा वर्षापूर्वीचा अनुभव फार मनावर घेऊ नका.

३. पहिल्या दिवशी नेमकं काय करू?

नवी कथा लिहायला सांगू नका. तुमची एखादी जुनी, पुरी झालेली कथा घ्या आणि म्हणा: 'ही कथा वाच. मत देऊ नकोस, सुधारणा सुचवू नकोस. वाचताना पडलेले दहा प्रश्न विचार.'

दहातले सात प्रश्न फुकट जातील. दोनांची उत्तरं तुम्हाला ठाऊक असतील, फक्त कागदावर उतरली नसतील. उरलेल्या एका प्रश्नापाशी तुम्ही थबकाल. माझ्या एका कथेत एक बाई वर्षांनंतर येऊन घराची किल्ली परत करते. प्रश्न आला: 'इतकी वर्षं ती किल्ली तिने कुठे ठेवली होती?' मी याचा कधी विचारच केला नव्हता. त्या उत्तरातून कथेचा मधला भाग नव्याने लिहिला गेला, आणि त्यातलं एकही वाक्य यंत्राचं नव्हतं.

४. प्रॉम्प्ट कसा लिहायचा? मी सांगते एक आणि येतं भलतंच.

प्रॉम्प्ट म्हणजे आपण दिलेली सूचना. हाताखाली नव्याने आलेल्या, हुशार पण तुमच्या गोष्टीबद्दल काहीच ठाऊक नसलेल्या माणसाला काम समजावून सांगावं, तसं सांगायचं. एक उदाहरण घेऊ. समजा सूचना अशी दिली:

'बाबा गेल्यावर दोन भावंडं त्यांचं टेबल आवरतात, असा भावस्पर्शी प्रसंग लिही.'

येणारा मजकूर साधारण या वळणाचा असतो: 'नीताच्या डोळ्यांत अश्रू तरळले. अजयने दीर्घ श्वास घेतला आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. त्या टेबलाच्या प्रत्येक कोपऱ्यात बाबांच्या आठवणी दडलेल्या होत्या.'

व्याकरणाची चूक एकही नाही. पण हे टेबल कोणाचंही असू शकतं आणि हे बाबाही. दोष सूचनेत आहे. 'भावस्पर्शी' म्हटल्यावर यंत्राने भावस्पर्शी समजले जाणारे सगळे शब्द पुढे केले. आता हीच गोष्ट अशी विचारून बघा:

'नीता ४८ वर्षांची, अजय ४१. बाबा हिशेबनीस होते, काही टाकून द्यायचे नाहीत. भावंडांचं वर्षभर बोलणं नाही, कारण घर विकायचं की नाही यावरून बिनसलं आहे. टेबलाच्या ड्रॉवरमध्ये सापडू शकतील अशा पंचवीस वस्तूंची यादी दे. फोटो, पत्र, डायरी यांतलं काही नको. प्रसंग लिहू नकोस.'

यादीत बरीचशी भरताड येते. पण त्यात कुठेतरी 'पेनांच्या संपलेल्या रिफिली, रबरबँड लावून ठेवलेल्या' असं निघतं, आणि तिथे तुमचा हात चालायला लागतो:

'अजयने रिफिलींचा जुडगा उचलला तसा रबरबँड तुटला आणि रिफिली फरशीवर पसरल्या. "राहू दे," नीता म्हणाली. पण उचलायला तीच आधी वाकली.'

हा परिच्छेद माणसाने लिहिलेला आहे. वस्तू यंत्राने सुचवली, ती निवडली लेखकाने, आणि वाकायचं कोणी हे ठरवलंही लेखकानेच. मदतीची अशी वाटणी मला सगळ्यात सुखाची वाटते. सूचनेत काय नको ते सांगायला विसरू नका. नुसत्या 'फोटो, पत्र, डायरी नको' एवढ्याने यादीचा दर्जा बदलतो.

५. एआयचं लिखाण वाचताना सगळं गुळगुळीत आणि एकसारखं का वाटतं?

मूळ कारण पहिल्या उत्तरात आलं आहे. त्यावर आणखी एक थर चढतो. ही मॉडेलं लोकांशी बोलण्यालायक व्हावीत म्हणून माणसांच्या पसंती-नापसंतीवरून त्यांना पुन्हा घडवलेलं असतं, आणि मदत मागायला आलेल्या माणसाला सौम्य, समजूतदार, सगळं नीट गुंडाळणारं उत्तर आवडतं. तीच सवय कथेत उतरते. भांडण दोन पानांत मिटतं, खलनायकाला पश्चात्ताप होतो, शेवटच्या परिच्छेदात कोणीतरी खिडकीबाहेर बघून जगण्याचा अर्थ सांगतं. 'भांडण मिटवू नकोस, प्रसंग वाक्याच्या मध्येच तोड' असं सांगितलं तर फरक पडतो. दोन-तीन पानांनी मूळ स्वभाव परत डोकावतोच.

काही साधनांत 'टेम्परेचर' नावाची मात्रा कमी-जास्त करता येते. ती वाढवली की कमी शक्यतेचे शब्द निवडले जातात आणि मजकूर अनपेक्षित होतो. फार वाढवली की वाक्यं विसकटतात, मराठीत तर लवकरच.

६. मराठीत नीट लिहितो का?

वाचायला बरं लिहितो, पण विश्वासाने छापावं इतकं नाही. शिकवणीच्या मजकुरात इंग्रजीचा वाटा प्रचंड आणि मराठीचा तुलनेने अगदी लहान, त्यामुळे मराठी वाक्याच्या आत इंग्रजी सांगाडा राहतो. वारंवार सापडणाऱ्या गोष्टी सांगते.

तू-तुम्हीचा घोळ सगळ्यात जास्त. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द, म्हणून धाकटा भाऊ पहिल्या पानावर 'ताई, तू बस' म्हणतो आणि तिसऱ्या पानावर 'ताई, तुम्ही काळजी करू नका'. मराठी वाचकाला यातून नात्यात काही बिनसल्याचा वास येतो, जो लेखकाला अभिप्रेतच नसतो. दुसरा घोळ निवेदकाच्या लिंगाचा. बाई 'मी' म्हणून गोष्ट सांगत असते, 'मी गेले, मी पाहिलं' असं छान चाललेलं असतं आणि अचानक 'मी थांबलो' येतं. सूचनेत पहिल्याच ओळीत निवेदक स्त्री आहे की पुरुष हे लिहा, आणि कोण कोणाला काय म्हणून हाक मारतं याचा तक्ता द्या.

मग इंग्रजी वळणं. 'तिने आपले डोके होकारार्थी हलवले' हे 'तिने मान डोलावली' असं हवं. 'त्याचे शब्द हवेत लटकत राहिले', 'दार त्याच्याद्वारे उघडले गेले' हेही त्याच घरातलं. हिंदीची सावलीही पडते: 'माझ्याजवळ वेळ नाही आहे' असं मराठी माणूस म्हणत नाही, तो 'मला वेळ नाही' म्हणतो. अशी वाक्यं मोठ्याने वाचली की कानाला लगेच टोचतात. मनात वाचताना निसटतात.

बोलीभाषेबद्दल मात्र मी ठाम आहे. ती स्वतः लिहा. यंत्राची बोली म्हणजे प्रमाण मराठीत 'हाय', 'न्हाय' आणि 'काय बी' पेरलेलं असतं, आणि कुठल्याही भागातला माणूस त्याच एका बोलीत बोलायला लागतो. ज्या माणसांची ती भाषा आहे त्यांच्यावर हा अन्याय आहे.

शुद्धलेखनासाठी 'मजकूर बदलू नकोस, फक्त चुकांची यादी दे' असं सांगा. ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत तो बरोबर शब्दालाही कधीकधी चूक ठरवतो, म्हणून शेवटचा शब्द शब्दकोशाचा.

७. माझ्या जुन्या कथा डीटीपीच्या फॉन्टमध्ये आहेत. चिकटवल्या की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. काय करू?

श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये पडद्यावर 'क' दिसत असला तरी फाइलच्या आत रोमन अक्षराचा किंवा चिन्हाचा संकेतांक असतो. फॉन्ट काढून घेतला की तो उघडा पडतो, आणि एआयला तेवढंच दिसतं. मजकूर आधी फॉन्ट-परिवर्तकातून युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही साधनाला वाचता येणाऱ्या संकेतांकांत, आणा. बदलल्यावर रफार, ऱ्य-ऱ्ह, श्र आणि ऱ्हस्व वेलांटी या जागा डोळ्यांखालून घाला, कारण परिवर्तक बहुधा तिथेच अडखळतात.

पीडीएफमधून मजकूर उचलतानाही वेलांट्या आणि जोडाक्षरं इकडेतिकडे होतात. मूळ फाइल मिळत असेल तर तीच वापरा.

८. सूचना मराठीत देऊ की इंग्रजीत?

मजकूर मराठीत हवा असेल तर मराठीत. इंग्रजी सूचनेमागून येणारं मराठी जास्त भाषांतरी वाटतं, असा माझा अनुभव आहे. रचनेबद्दलची चर्चा, उदाहरणार्थ प्रकरणांचा क्रम किंवा काळाची उलटसुलट मांडणी, कोणत्याही भाषेत करा. फोनवर बोलून मराठी टाइप करण्याची सोय वापरलीत तर सूचना आपोआप मोकळी होते आणि नेमके तपशील जास्त येतात.

९. दहाव्या प्रकरणापर्यंत तो नायकाच्या बहिणीचं नाव विसरतो. कादंबरी कशी सांभाळायची?

मॉडेल एका वेळी ठरावीक टोकन समोर ठेवू शकतं. याला संदर्भ-खिडकी म्हणतात. सुरुवातीच्या चॅटजीपीटीत ती सुमारे ४,००० टोकनची होती. फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या जेमिनी १.५ मध्ये ती १० लाखांपर्यंत गेली. आकडा मोठा वाटतो, पण दोन गोष्टी लक्षात घ्या. देवनागरी मजकुराचे तुकडे जास्त पडतात, म्हणून तेवढाच आशय मराठीत इंग्रजीपेक्षा अधिक टोकन खातो. शिवाय खिडकीत मावलं म्हणजे सगळ्याकडे सारखं लक्ष गेलं असं होत नाही. लांब मजकुराच्या मधल्या भागातलं काही निसटण्याची शक्यता जास्त असते.

यावर उपाय जुनाच आहे, कादंबरीची वही. पात्रांची नावं, वयं, नाती, हाका, कोणाला काय ठाऊक आहे आणि काय नाही, घटनांच्या तारखा, हे सगळं दोन-तीन पानांत मांडा. दर प्रकरण संपलं की त्यात भर घाला. नवं संभाषण सुरू करताना ही वही आणि फक्त लगतचं प्रकरण द्या. शंभर पानं ओतण्यापेक्षा याचा गुण जास्त येतो.

आणि ही वही तुमच्या संगणकावर ठेवा. मी एकदा तीन प्रकरणांच्या नोंदी एका साधनाच्या संभाषणातच राहू दिल्या होत्या. एक दिवस ते संभाषण उघडेना आणि पुढे कधीच उघडलं नाही. प्रकरणं आठवणीतून पुन्हा उभी केली, पण एका पात्राच्या बालपणाचे तपशील कायमचे गेले.

१०. माझी शैली त्याला शिकवता येते का?

वरवर येते. वेगवेगळ्या कथांतली दोन-तीन पानं द्या आणि आधी शैलीचं वर्णन करायला सांगा: वाक्यं किती लांब, संवाद कसे, उपमा कुठून येतात, काय टाळलं आहे. ते वर्णन तुम्ही दुरुस्त करा आणि चौथ्या उत्तरातल्यासारख्या सूचनेला जोडा.

तरी नक्कल लवकरच अतिरेकी होते. तुम्ही पाच पानांत एकदा अर्धवट वाक्य वापरत असाल, तर तो प्रत्येक परिच्छेदात वापरेल. मला या वर्णनाचा उलटा उपयोग जास्त होतो. नवं प्रकरण देऊन विचारायचं, 'या वर्णनापासून मी कुठे भरकटले आहे?' दमून लिहिलेली पानं बरोबर सापडतात.

११. काहीही दाखवलं तरी कौतुकच करतो. खरा अभिप्राय कसा मिळवायचा?

'कशी वाटली?' हा प्रश्नच टाका. पाचव्या उत्तरात सांगितलेला सौम्यपणा इथे होयबा बनतो. 'यातली कोणती पाच वाक्यं काढली तर काहीही बिघडणार नाही?', 'कोणत्या पानावर वाचक कथा खाली ठेवेल आणि का?', 'अजयने घर विकायला नकार का दिला, हे फक्त मजकुराच्या आधारे सांग' असं नेमकं विचारा. शेवटचा प्रश्न फार कामाचा आहे. उत्तर चुकलं तर बहुधा कारण तुमच्या डोक्यात आहे आणि कागदावर नाही.

कथा दुसऱ्या कोणाची आहे असं सांगितलं की सूर कडक होतो. पण 'कठोर टीका कर' म्हटलं की नसलेले दोषही काढले जातात, हेही खरं. दोष मान्य करण्याआधी त्या जागेचं वाक्य उद्धृत करायला सांगा, आणि ते तुमच्या मजकुरात खरोखर आहे का बघा.

१२. ऐतिहासिक कथेसाठी त्याने दिलेली माहिती वापरू का?

पडताळल्याशिवाय एकही ओळ वापरू नका. तारीख, पोशाख, अधिकारपदांची नावं, प्रवासाला लागणारे दिवस, हे सगळं तो त्याच आत्मविश्वासाने चुकीचं सांगू शकतो, अस्तित्वात नसलेली पुस्तकंही आधार म्हणून देतो. कुठे शोधावं हे मात्र त्याला जरूर विचारा. 'त्या काळातलं पत्र लिहायचं तर मला कोणत्या गोष्टी माहीत हव्यात?' याचं उत्तर म्हणजे ग्रंथालयात जाण्याआधीची चांगली टिपणी होते.

१३. खुनाचा, अत्याचाराचा प्रसंग लिहायला तो नकार देतो. गंभीर साहित्यात हे विषय येणारच ना?

येणारच. संदर्भ न देता नुसता प्रसंग मागितला की नकार जास्त येतात. ही कादंबरी आहे, प्रसंग कोणाच्या नजरेतून आहे, त्यानंतर गोष्ट कुठे जाते, हे सांगितलं की बरेचदा काम पुढे सरकतं. शस्त्र किंवा विष बनवायची कृती कथेला लागत नाही, ती मागू नका. अल्पवयीनांचं लैंगिक चित्रण ही साधनं कोणत्याही संदर्भात करत नाहीत आणि ते योग्यच आहे.

असे प्रसंग स्वतः लिहावेत असं मला मनापासून वाटतं. ज्या वाचकाने ते भोगलं आहे तो हे पान वाचणार आहे. तिथल्या प्रत्येक शब्दाची जबाबदारी घेणारं माणूस असावं.

१४. माझी अप्रकाशित कादंबरी त्यात टाकली तर ती चोरीला जाईल का?

तुमचं कथानक उद्या दुसऱ्याला जसंच्या तसं मिळेल, असं सहसा होत नाही. खरा प्रश्न असा की तुमचा मजकूर पुढच्या मॉडेलच्या शिकवणीत वापरला जाईल का आणि किती काळ साठवला जाईल. बहुतेक मोठ्या साधनांच्या सेटिंगमध्ये प्रशिक्षणासाठी वापर बंद करण्याचा पर्याय असतो. खातं उघडल्यावर पहिलं काम ते करा, आणि अटी बदलल्याची सूचना आली की पुन्हा तपासा.

पूर्ण गुप्तता हवी असेल तर लामा, जेमा यांसारखी खुली, म्हणजे कोणालाही उतरवून घेता येणारी मॉडेलं स्वतःच्या संगणकावर इंटरनेटशिवाय चालवता येतात. साध्या संगणकावर चालणाऱ्या लहान आवृत्त्यांचं मराठी कच्चं असतं.

अपवाद एक आणि तो पक्का. दुसऱ्याचं हस्तलिखित, स्पर्धेला आलेल्या कथा, मित्राने विश्वासाने वाचायला दिलेली पानं लेखकाला विचारल्याशिवाय कधीही टाकू नका.

१५. एआयच्या मदतीने लिहिलेल्या कथेचा कॉपीराइट कोणाचा?

तुम्ही लिहिलेल्या भागाचा तुमचा. यंत्राने लिहिलेल्या भागाबाबत देशोदेशी कायदा वेगळा आहे. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने मार्च २०२३ च्या मार्गदर्शनात मानवी लेखकत्वाची अट स्पष्ट केली, आणि जानेवारी २०२५ च्या अहवालात नुसत्या प्रॉम्प्टने लेखकत्व येत नाही असं म्हटलं. यंत्राच्या मजकुराची तुम्ही केलेली निवड, मांडणी आणि त्यातले तुमचे बदल मात्र संरक्षण मिळवू शकतात. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यात संगणकनिर्मित कृतीचा लेखक म्हणून ती निर्माण होण्याची व्यवस्था करणारी व्यक्ती धरली आहे. भारताच्या १९५७ च्या कायद्यातही १९९४ च्या दुरुस्तीनंतर ती निर्माण व्हायला कारण ठरणारी व्यक्ती लेखक मानली जाते. ही दोन्ही कलमं आजची साधनं येण्याच्या कितीतरी आधीची आहेत, हे विसरू नका.

खर्डे तारखेनिशी जपून ठेवा. उद्या प्रश्न आलाच तर तुमचं लेखकत्व दाखवायला तेच कामी येतील.

१६. ही साधनं लेखकांच्या पुस्तकांवरच शिकली आहेत. मग ती वापरणं योग्य आहे का?

हा प्रश्न विचारणाऱ्यांबद्दल मला आदर वाटतो, कारण तक्रार खरी आहे. परवानगी न घेता पुस्तकं वापरल्याबद्दल लेखकांनी अनेक कंपन्यांवर खटले भरले. त्यातल्या एकात अमेरिकेच्या न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्रशिक्षणासाठीचा वापर न्याय्य ठरवला, पण चोरट्या प्रतींचा साठा करणं त्यात बसत नाही असं सांगितलं. त्यानंतर त्याच खटल्यातल्या, क्लॉड बनवणाऱ्या ॲन्थ्रॉपिक कंपनीने लेखक-प्रकाशकांशी १५० कोटी डॉलरची तडजोड केली. इतर खटल्यांतून काय निघेल, त्यावर पुढचं ठरेल.

माझी स्वतःची रेषा अशी: कोणत्याही लेखकाच्या, विशेषतः हयात लेखकाच्या, शैलीत लिहून मागायचं नाही, आणि यंत्राचं वाक्य माझ्या नावावर छापायचं नाही. तुमची रेषा वेगळी असू शकते. ती लिहायला बसण्याआधी आखलेली असावी.

१७. मासिकाला, स्पर्धेला किंवा प्रकाशकाला पाठवताना सांगायला हवं का?

आधी त्यांचा नियम वाचा. नियम नसेल तर सांगा. फेब्रुवारी २०२३ मध्ये एआयने लिहिलेल्या कथांचा इतका लोंढा आला की क्लार्क्सवर्ल्ड या विज्ञानकथांच्या मासिकाला काही काळ कथा स्वीकारणंच थांबवावं लागलं. संपादक तेव्हापासून सावध आहेत आणि त्यांचं चुकत नाही.

ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे लेखकाने स्वतः पुस्तक प्रकाशित करायच्या सेवेवर, पुस्तक टाकताना २०२३ पासून याबद्दल विचारलं जातं. तिथे यंत्राने निर्माण केलेला मजकूर तुम्ही नंतर कितीही सुधारला तरी तो एआय-निर्मितच धरतात. मजकूर तुमचा असेल आणि एआय फक्त कल्पना ढवळायला किंवा चुका शोधायला वापरला असेल, तर सांगण्याची सक्ती नाही. एका अपवादाने पुष्कळजण चकतात. कादंबरी संपूर्ण तुमच्या हातची आहे, पण अनुवाद यंत्राकडून करून घेतला, तर तो अनुवाद एआय-निर्मित ठरतो आणि सांगावा लागतो. मुखपृष्ठाच्या चित्रालाही तेच लागू.

१८. कथा पूर्ण माझी आहे, तरी ओळखणारं साधन 'एआयने लिहिली' म्हणतं. आता?

अशी साधनं भरवशाची नाहीत. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचं ओळख-साधन अचूकता कमी असल्याचं सांगत जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं होतं. साधी, नेटकी, नियमात बसणारी वाक्यं लिहिणाऱ्यांवर चुकीचा शिक्का बसण्याची शक्यता जास्त असते. वाद घालण्यापेक्षा खर्डे, फाइलचा इतिहास आणि वहीतली पानं संपादकाला दाखवा. पंधराव्या उत्तरातली खर्डे जपायची सूचना इथेही कामी येते. शिक्का टळावा म्हणून मुद्दाम चुका पेरू नका, कथेची नासाडी होते.

१९. सुरुवातीला मजा आली. आता त्याला विचारल्याशिवाय एक परिच्छेदही सुचत नाही. हे कसं सोडवू?

हा प्रश्न अलीकडे वाढला आहे आणि मला त्याची काळजी वाटते. सुचण्याआधी जी अस्वस्थ दहा-पंधरा मिनिटं असतात, ती यंत्रामुळे नाहीशी होतात. त्या मिनिटांत बसून राहायची सवय एकदा मोडली की कोरं पान अंगावर येतं.

पंधरा दिवस एवढंच करा. रोज आधी पाचशे शब्द हाताने, वहीत. फोन दुसऱ्या खोलीत. शब्द वाईट असले तरी चालतील, पण खोडायचे नाहीत. त्यानंतरच साधन उघडायचं, आणि तेही फक्त तिसऱ्या उत्तरातल्या कामासाठी: त्याने प्रश्न विचारायचे, तुम्ही उत्तरं द्यायची. उत्तरंही टाइप करू नका, वहीतच लिहा. दुसऱ्या दिवशीचे पाचशे शब्द बहुतेक वेळा त्यातल्याच एखाद्या उत्तरापासून सुरू होतात.